चला रे, सगळे चला

मी घरी पोचलो नाही.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी 'शेवट सांगितलाच नाही' म्हणून कमेंटमध्ये भांडणार नाही.

आता हे वाक्य विसरा. मी घरी पोचलो. गाडीसकट, बॅगेसकट, हेल्मेटसकट. एक सॉक्स तेवढा सेलमच्या लॉजवर राहिला.

ही घटना शंभर टक्के खरी आहे. माझ्यासोबत घडली आहे. निदान माझं तरी असं मत आहे. घरच्यांचं वेगळं आहे, पण त्यावर पुढे येतो.

आणखी एक. अशा भुताखेतांच्या पेजवर लोकांना अमावास्येची रात्र लागते. माझ्याकडे रात्र नाही. रात्री हायवेवर गाडी चालवायची मला भीती वाटते, म्हणून मी लवकर जेवून झोपायचो. जे झालं ते भर दुपारी झालं. फेब्रुवारीतल्या उन्हात, यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढे आमच्या तांड्यावर.

माझं नाव प्रेम आडे. घाटंजीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घरी याडी, म्हणजे माझी आई, रुपीबाई. आणि धाकटी बहीण रंजिता. बाबा नाहीत. त्यांची मोटारसायकल आहे.

घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. मराठी ही आमच्याकडे ओसरीसारखी आहे. तलाठी, मास्तर, बँकेचे साहेब, पाहुणे यांना तिथं बसवायचं. आत आलं की गोरबोली. याडी आयुष्यात माझ्याशी एक वाक्य मराठीत बोललेली नाही. मारलं तेही गोरबोलीतच. खाली तिचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहितोय, ते तुमच्या सोयीसाठी.

एवढं लक्षात ठेवा.

तर, तूर निघाली, वावर रिकामं झालं आणि मी ठरवलं. बाबांची गाडी घेऊन कन्याकुमारी. एकटा. तेलंगणा, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू. आणि परत.

"एकटा कायले जाऊन राह्यला?" याडीनं विचारलं.

"सोबत कोणी येत नाही म्हणून."

"मंग तुयातच काई खोट असन."

"याडी, याले सोलो ट्रिप म्हणतात."

"म्हणा. पण तुले हाक कोण मारन?"

इथं थोडं थांबून सांगावं लागेल.

आमचे लोक एके काळी बैलांवर माल लादून मुलूख फिरायचे. आज इथं मुक्काम, उद्या तिथं. आमच्या घराण्यात तेव्हापासूनची एक रीत आहे. मुक्काम हलला की सर्वांत शेवटच्या माणसानं मागं वळायचं आणि एकेकाला नावानं हाक मारायची. माणसं, बाया, लेकरं, बैलसुद्धा. "अमक्या, चाल, घर चाल." ही हाक मात्र गोरबोलीतलीच, जशीच्या तशी. ज्याला हाक मारली त्यानं "हां" म्हणायचं. मगच पाऊल पुढं.

कारण याडीच्या म्हणण्याप्रमाणे, माणूस उठते तवा तो पुरा उठत नाही. थोडा तिथंच बसून राहते. नाव घेतलं की तो उरलेला उठते.

फुलसिंग नावाचा आमचा एक पूर्वज होता. मुक्काम हलला तेव्हा तो झाडामागं गेला होता. त्याचं नाव घ्यायचं राहिलं. झाडामागून माणूस बाहेर आला, बैलांसोबत चालला, घरीही आला. पण याडी म्हणते, तो फुलसिंग नव्हता. ही गोष्ट शेकडो वर्षांपूर्वीची असावी. याडी ती अशी सांगते, जशी मागच्या सोमवारी झाली.

ती आजही ही रीत पाळते. लग्नातून निघताना, एसटी स्टँडवर, सगळीकडे. रंजिताला दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा याडीनं वॉर्डाच्या दारात उभं राहून खणखणीत हाक मारली. दुसरी एक रंजिता सलाइनच्या बाटलीसकट उठून आली.

"मीच मारतो मले हाक," मी म्हणालो.

"प्रत्येक ठेप्यावर? जिथं जिथं थांबशीन तिथं?"

"प्रत्येक ठेप्यावर."

"नाव घेऊन. 'सगळे चला' असं कधी म्हणू नोको. त्या जागी अगोदर कोण कोण बसून गेलं, आपल्याले का माहीत?"

मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं जमतं.

पहिला थांबा पाटणबोरीजवळ, रामरावांचा धाबा. रामरावांचं वावर आमच्या वावराला लागून आहे. त्यांनी मला चड्डीत पाहिलंय. चहा झाला, मी गाडीपाशी उभा राहिलो, मागं वळलो आणि म्हणालो, "प्रेम, चाल, घर चाल."

मग मीच म्हणालो, "हां."

"काय बे," रामराव गल्ल्यावरून ओरडले, "कोणाशी बोलून राह्यला?"

"माझ्याशी."

"मंग चिल्लावतं कायले? जवळच त हायेस!"

सगळे ट्रकवाले हसले. एकाचा तर भात नाकात गेला.

मी पुढच्या थांब्याला शहाणा झालो. निर्मलच्या पुढं एका धाब्यावर मोबाइल स्टँडला लावला, कॅमेरा सुरू केला, कंडक्टरसारखा हात वर केला आणि रिकाम्या टेबलांकडे तोंड करून ओरडलो...

"चला रे, सगळे चला!"

आणि एकटाच गाडीवर बसून निघालो. व्हिडिओ लय चालला. लोक म्हणाले, भावा, दर थांब्यावर कर.

मी दर थांब्यावर केलं.

याडीचा फोन यायचा. "हाक मारतं न?"

"मारतो न."

हे खोटं नव्हतं. हाक मारतच होतो.

कर्नूलला मी एक जेवण मागितलं. वेटरनं दोन ताटं आणली. मला वाटलं, भाषेचा घोळ. मी दोन्ही जेवलो.

अनंतपूरला लॉजवाल्यानं माझं आधार कार्ड पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"बाकीच्यांचं?"

"कोण बाकीचे?"

त्यानं परत मागं पाहिलं... आणि चावी देताना एक मोठी खोली दिली. भाडं तेच.

होसूरच्या पुढं एका हॉटेलात मी बसलो आणि पोऱ्यानं न विचारता शेजारची टेबलं ओढून माझ्या टेबलाला जोडली.

एक. मग दुसरं. मग तिसरं.

पाण्याचे ग्लास मांडत तो टोकापर्यंत गेला.

मी त्याला म्हणणार तरी काय? तमिळ मला येत नाही.

त्या दिवशी याडीचा फोन आला तेव्हा ती ओरडूनच बोलत होती.

"थोडा बाजूले जाऊन बोल बावा! काई ऐकू येत नाई!"

"बाजूलाच आहो याडी. इथं कोणी नाही."

"मंग एवढा कल्ला कायचा? आन बैल कोणाचे?"

मी इकडंतिकडं पाहिलं. रिकामा रस्ता. ऊन. एक पंक्चरचं दुकान, तेही बंद.

"कोणते बैल?"

ती हळूच म्हणाली, "तू नाव घेऊनच हाक मारून राह्यला न?"

नेटवर्क गेलं. म्हणजे, मी घालवलं.

कन्याकुमारीला समुद्रापाशी एक फोटोवाला गळ्यात कॅमेरा घालून फिरत होता. मी म्हटलं, एक फोटो काढ. एकट्याचा. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. मग दोन पावलं मागं गेला.

मग आणखी मागं.

मग हातानं खूण केली... जवळ जवळ या, जवळ या.

माझ्याकडे पाहून नाही. माझ्या दोन्ही बाजूंना पाहून.

तो इतका मागं गेला की एका आइस्क्रीमच्या गाडीला टेकला. तेव्हा कुठं समाधान झालं. फोटो माझ्याकडे अजून आहे. मधे सगळा समुद्र आहे. मी डाव्या कडेला आहे. अर्धा. म्हणजे कडेनं कापला गेलेला.

मी त्याला म्हणालो, मी मधे का नाही? तो म्हणाला, जागा नव्हती.

तिथून मी परत फिरलो. आता कोणालाही हाक मारत नव्हतो. पेट्रोल भरायचं, निघायचं. जेवताना गाडीवरून नजर काढायची नाही. मागं वळून पाहायचं नाही. गाडी चढावर दम टाकायची, जशी भरलेल्या पोत्यांनी टाकते. मी एकटा. बॅग एक. तीही छोटी.

बसलो की पाय हलायचे. थांबलो की निघावंसं वाटायचं. निघालो की वाटायचं, काहीतरी मागं राहिलंय. मी खिसे चाचपायचो. मोबाइल, पाकीट, किल्ली. सगळं असायचं.

आणि जोडलेल्या टेबलांचं काय झालं?

ती परतीलाही जोडली जात होती. ताटंही यायची. प्रत्येक रिकाम्या खुर्चीपुढं एक एक ताट.

फक्त माझ्यापुढं नाही.

पहिल्यांदा मी हात वर केला, "इधर भी." वेटर दचकला. जसा मी आत्ताच बसलो. पुढच्या हॉटेलात त्याला हाताला धरून सांगावं लागलं. त्याच्या पुढच्या हॉटेलात मी शेजारच्या खुर्चीसमोरचं ताट ओढून जेवलो.

चव नव्हती.

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि आपला जिल्हा लागला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दोन्हीकडे कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची वावरं. रामरावांचा धाबा दिसला. म्हटलं, चला, ओळखीचा माणूस.

रामराव गल्ल्यावरून उठून बाहेर आले. ते कोणासाठी उठत नाहीत.

"या, या. बसा सावलीत," ते म्हणाले. मग माझ्या मागं, रस्त्याकडे पाहिलं. "आन आमचा प्रेम? तो कुठं राह्यला?"

मी हसलो. रामरावांना मस्करीची सवय आहे.

"तो येऊन राह्यला पायदळ," मी म्हणालो.

"असं?" त्यांचा चेहरा पडला. "ऊन लय हाय न बावा. गाडी त्याचीच आणली वाटते तुमी."

"रामरावजी, मी प्रेम. आडे. मागच्या टायमाले तुम्हीच नाही का म्हणले, जवळच त हायेस?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं.

"चेहरा ओळखीचा वाटते," ते म्हणाले. आणि आत ओरडले, "अरे, टेबलं जोडा!"

मी चहा न पिता उठलो. गाडीपाशी आलो. मागं वळलो. आता लाज गेली होती. पूर्ण घसा फाडून ओरडलो.

"प्रेम, चाल, घर चाल!"

ट्रकवाल्यांनी माना वळवून पाहिलं.

आता फक्त "हां" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

...

हां आलीच नाही. दुसरं काहीही म्हणता येत होतं. "च्यायला" म्हणता आलं. ते एक अक्षर तेवढं घशात नव्हतंच.

तिथून तांड्यापर्यंत मी गाडी कशी आणली, आठवत नाही.

याडी दारातच उभी होती. गाडीचा आवाज ऐकून आली होती, हात पिठाचे. मला पाहिलं. हसू फुटता फुटता थांबलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला.

"या न भाऊ. या, सगळेच या. बाहेर काहून उभे?"

हे वाक्य मी तुमच्या सोयीसाठी बदललेलं नाही.

ती मराठीत बोलली.

रंजितानं मोठी सतरंजी अंथरली. शेजारून ग्लास मागून आणले. याडी प्रत्येक रिकाम्या जागेपुढं वाकून पाणी ठेवत गेली, एकेकाला "घ्या" म्हणत. कडेला मी बसलो होतो. मलाही "घ्या" म्हणाली.

"आमचा प्रेम मागून येऊन राह्यला न? तुमच्यासंगच होता."

"याडी," मी गोरबोलीत म्हणालो, "म प्रेम छू."

ती कौतुकानं हसली.

"चांगली बोलता हो तुमी आमची बोली. कुठं शिकले?"

मी तिला कळंबची गोष्ट सांगितली. मी लहान असताना चिंतामणीच्या देवळात खाली कुंडापाशी बसून राहिलो होतो. घरची सगळी वर निघून आली. तिनं पायऱ्यांवरून हाक मारली आणि मी भिजलेल्या चड्डीनं वर आलो. वर आल्यावर मला आधी मारलं, मग जवळ घेतलं. हे घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही.

"हो," याडी म्हणाली. "सांगितलं असन त्यानं. त्याले सांगायची लय हौस."

मी रंजिताकडे पाहिलं. ती मला टक लावून पाहत होती.

"तुमी दादासारखे दिसता," ती म्हणाली. "पण दादा असता त आतापावतर एखादा फालतू जोक मारला असता."

मी लगेच मारला. माझा सगळ्यात चांगला.

ती हसली. बँकेच्या साहेबांच्या जोकवर हसतात तशी.

सगळ्यांना बाटी, म्हणजे आमची भाकर, वाढली. सतरंजीवर कोणी नव्हतं. पण ग्लासातलं पाणी... खाली खाली जात होतं. रंजिताला ते दिसलं. तिनं पाय वर घेतले. याडी मात्र वाढतच राहिली.

उन्हं कलली तेव्हा ती अंगणात गेली, दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"फुलसिंग, चाल, घर चाल."

सतरंजीच्या मधून कोणीतरी म्हणालं...

"हां."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. थकलेला. सतरंजीची एक चुणी सरळ झाली.

"मानीबाई, चाल, घर चाल."

"हां."

"जमनी, चाल, घर चाल."

"हां." हा आवाज लहान पोरीचा होता.

ही बाकीची नावं मी कधी ऐकली नव्हती. याडीनंही कधी सांगितली नव्हती. ती एकामागून एक घेत होती, जशी शेजारच्या घरातली माणसं. मग बैलांची नावं आली. बैल हां म्हणत नाहीत. अंगणात नुसत्या घागरमाळा हलल्या आणि तांड्यामागच्या टेकाडाकडे गेल्या. कुत्री भुंकली नाहीत. दोन-तीन तर उठून वाटेतून बाजूला झाली.

मला कळलं. ही सगळी राहून गेलेली होती. कुठल्या कुठल्या झाडामागं. कोणीतरी कॅमेऱ्यासाठी "सगळे" म्हणालं म्हणून ती उठली, आणि आता याडी त्यांना त्यांच्या घरी लावून देत होती.

शेवटी माझी पाळी येणार म्हणून मी शर्ट नीट केला.

याडी आत आली आणि सतरंजी गुंडाळायला लागली.

"भाऊ, थोडं सरका."

"माझं नाव नाही घेतलं तुम्ही," मी म्हणालो. आईला 'तुम्ही' म्हणताना जीभ अडकली.

"काय नाव तुमचं?"

"प्रेम."

तिचे डोळे भरले. "असं नोका करू भाऊ. माय हाव मी त्याची."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मी घरीच आहे. ओसरीत झोपतो. याडी मला चांगलं सांभाळते, पहिलं ताट मला देते, पाहुण्याला देतात तसं. दुकानाला जातो. गिऱ्हाईक मोबाइल देतं आणि विचारतं, प्रेमभाऊ कधी येणार? मी म्हणतो, आला की सांगतो.

तुम्ही म्हणाल, परत जा, प्रत्येक ठिकाणी थांबून हाक मार. पाटणबोरीला जाऊन आलो. तिथं नाही. पुढं जायची हिंमत होत नाही. कारण आता जेवढा आलोय, त्यातला आणखी थोडा कुठं बसून राहिला तर?

याडी रोज संध्याकाळी तांड्याच्या टोकाला जाते. जिथून पांढरकवड्याकडे रस्ता जातो तिथं. पदर कानामागं घेते आणि हाक मारते. "प्रेम, चाल, घर चाल." मी शेजारी उभा राहून रोज तोंड उघडतो. काही निघत नाही.

परवा हाक मारून ती तशीच उभी राहिली. मान वाकडी करून.

"आली," ती म्हणाली. "हां आली. लय दूर हाय, पण आली."

मला काहीच ऐकू आलं नाही.

मी रंजिताकडे पाहिलं. रंजितानं मान डोलावली. तिलाही ऐकू आली होती. याडीनं त्या रात्री गुळाचा शिरा केला आणि त्याच्यासाठी झाकून ठेवला.

तो यावा असं मलाही वाटतं. याडीसाठी. पण तो दारात आला की मी ओसरीतच असेन. मग मला कोण, कोणत्या नावानं, कुठल्या घरी लावून देणार... हे मी याडीला विचारलेलं नाही.

तरी पाटणबोरी ते कन्याकुमारी या महामार्गावरील सर्व धाबाचालक, लॉजमालक, पेट्रोल पंप व चहा टपरीधारक यांना या पोस्टद्वारे नम्र विनंती करण्यात येते की, मागील फेब्रुवारीपासून आपल्या आवारात एखादा तरुण कोणालाही त्रास न देता बसून असल्यास व अधूनमधून फालतू विनोद करत असल्यास, त्यास रस्त्याकडे पाठ करून, स्पष्ट आवाजात, "प्रेम, चाल, घर चाल" अशी हाक मारण्यात यावी. हाक गोरबोलीतच मारावी. मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अथवा तमिळमधील हाक ग्राह्य धरली जाणार नाही. हाक मारताना "सगळे" हा शब्द कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. त्याने "हां" म्हटल्यास त्यास उत्तरेकडे रवाना करावे. तसेच, घरी आधीच एक जण येऊन बसला असून तो वाईट नाही, त्यास एकदम बाहेर काढू नये, एवढे त्याच्या कानावर घालण्यात यावे.

अर्जदार,
(नाव पोचल्यावर भरण्यात येईल)